गाढवबाबांना भेटायला

— नाही नाही, तुम्ही उठू नका, मी घेते की खुर्ची ओढून — हीच घेऊ ना? — हां, बसले. तर मी काय सांगत होते, मी आपली सहज आले. इकडून चाललेच होते, म्हटलं नऊ वर्षं झाली, एकदा त्या माणसाचं तोंड तरी बघावं. असे बघू नका हो माझ्याकडे. तुमच्या मनात काय चाललंय ते मला ठाऊक आहे. ही सेहेचाळीस वर्षांची चष्मेवाली, गुडघ्याला पट्टा बांधलेली, तीन मजले चढून धापा टाकणारी बाई — हे शिंगरू? हो, हेच ते शिंगरू. पटत नाही? मग ऐका — ‘बाबा, अजून एकच विचारू?’ — बघा, आत काकूसुद्धा हसल्या. पटलं ना आता? आणि खरं सांगू, धक्का मलाही बसलाय. मी आपली नऊ वर्षं समजून होते की तुम्ही दारातून वाकून आत येणारे कोणीतरी असणार, पडद्यावरच्या गाढवासारखे खांद्यांनी रुंद, आणि येऊन बघते तर माझ्यापेक्षा चार बोटं बुटके, चौकटीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. म्हणजे रागावू नका, पण एवढ्याशा छातीत तो आवाज मावायचा कुठे? — बरं, राहू दे. आवाजाचं नंतर.

लोकांना सांगितलं तर खोटं वाटतं बघा. मी तुमचं शिंगरू, तुम्ही माझे गाढवबाबा, नऊ वर्षं आपण आठवड्याला एक भाग करतोय, अख्ख्या गावाच्या पोरांना आपण बापलेक म्हणून माहीत, आणि आपण एकमेकांना रस्त्यात ओळखलं नसतं. आता त्यांना कसं समजवायचं, की कार्टूनचं तसंच असतं — तुम्ही रविवारी येणार, तुमच्या वाक्यांचं रेकॉर्डिंग करून जाणार, कारण बाकीचे सहा दिवस तुम्ही बस स्टँडवर गाड्या पुकारणार — आणि मी मंगळवारी येणार, कानाला हेडफोन लावणार, त्यात तुम्ही बोलणार, मी रिकाम्या भिंतीकडे बघून ‘बाबा, बाबा’ करत उत्तरं देणार. मग त्यावर चित्रं निघणार. मध्ये दुवा एकच, आपला रेकॉर्डिस्ट. त्याला मी किती वेळा म्हटलं, अरे एकदा भेट घडवून दे. तर म्हणतो, कशाला, छान चाललंय ते बिघडेल. भारी आगाऊ आहे तो. आता मला सांगा, तुम्हाला हाक काय मारू? काका म्हणते. तोंडात ‘बाबा’च बसलंय, पण काका ठीक आहे, काकूंनाही बरं पडेल.

तुम्हाला माहितेय, मी याच्या आधी काय करायचे? मालिकांमधल्या पोरांचे आवाज. माझा आवाज असा बारीक, वयात यायचाच विसरला, त्यामुळे पाच ते अकरा वयाचं कुठलंही पोर आलं की मला बोलावणं. चौदा वर्षं मी हेच केलं. आणि चौदा वर्षांत मला बाप किती प्रकारचे भेटले असतील? तीन. एक, शाल पांघरून सोफ्यावर बसलेला, बातमी ऐकली की छातीला हात लावणारा. दोन, दाराकडे बोट दाखवून ‘चालती हो’ म्हणणारा. आणि तीन, पेपरवाला. तो पेपरच्या मागून ‘हं’ म्हणतो, त्याचा चेहरा मी कधी पाहिलाच नाही. ‘बाबा, जाऊ नका’ हे वाक्य तर मी इतकं बोललेय, की एकदा घरी नवरा भाजी आणायला निघाला तर तोंडातून तेच गेलं. आणि कार्टूनमधला बाप म्हणाल तर तो ठरलेला मूर्ख. शिडी दिसली की पडणार, रंगाचा डबा दिसला की त्यात पाय घालणार, आई कपाळाला हात लावणार, पोरं खी-खी करणार. बाप म्हणजे घरातला सगळ्यात मोठा, बिनकामाचा पोरगा. हसू येतं, नाही कशाला म्हणू, मीही हसायचे. पण नंतर वाटायचं, अरे, हा माणूस घर चालवतो ना? याला एकही गोष्ट धड येत नसेल?

आपल्या गाढवाचंही तेच करायचं ठरलं होतं. मला रेकॉर्डिस्टने सांगितलंय सगळं. मुळात त्यांनी बाप गाढवच का केला? हसायला. पहिल्याच भागात त्याने गोठ्याचं छप्पर शाकारायचं, वरून धपकन पाण्याच्या टाकीत पडायचं, आणि बाहेर तोंड काढून म्हणायचं, ‘हे मला येत नाही.’ पुढे कंसात लिहिलेलं — मूर्खासारखं. हो ना? आणि तुम्ही, तुम्हाला आधी कधी नाटक माहीत नाही, कार्टून माहीत नाही, तुम्ही आयुष्यभर ‘फलाट क्रमांक चारवरून गाडी सुटत आहे’ एवढंच बोललेले, तुम्ही ते कंसातलं काही वाचलंच नाहीत. तुम्ही सरळ म्हणालात, ‘हे मला येत नाही. तुझ्या आईला येतं. चल, आपण दोघं तिच्याकडून शिकू.’ पुढची दोन वाक्यं तर कागदावर नव्हतीच. रेकॉर्डिस्ट म्हणतो, काचेपलीकडे सगळे हसायच्या तयारीत बसलेले, तसेच बसून राहिले. लेखिकाबाई आधी तणतणल्या — माझा विनोद मारला म्हणून — आणि मग घरी जाऊन त्यांनी उरलेले बारा भाग नव्याने लिहून काढले. तुम्ही त्यांना विचारलंत ना नंतर, माझं काही चुकलं का म्हणून? तेही कळलंय मला. म्हणे तुम्ही म्हणालात, मला वाटलं ते गाढव खरंच सांगतंय.

त्या एका चुकीवर नऊ वर्षं चाललं हो हे. आता तुम्ही घरात बसून असता, तुम्हाला काय कळणार बाहेर काय झालंय. आमच्या शेजारच्या घरातली चिमुरडी, पाच वर्षांची, परवा जिन्यात चार माणसांसमोर बापाच्या गळ्यात पडून म्हणते, ‘बाबा, तू अगदी गाढव आहेस.’ आणि तो बाप, बँकेत मॅनेजर आहे, असा फुलला, असा फुलला, सगळ्यांना ऐकू गेलं ना म्हणून इकडेतिकडे बघायला लागला. बायका बघतच राहिल्या. आणि आमच्याकडची गंमत सांगू? तुम्ही शिंगराच्या शेपटीची वेणी घालता तो भाग आठवतोय? आमचे हे सोफ्यामागे उभं राहून बघत होते, बघतच नाहीये असं दाखवत. दुसऱ्या दिवशी मी सकाळीच कामाला गेले, लेकीची शाळा, आणि ह्यांनी तिची वेणी घातली, अगदी तुम्ही घातली तशी — म्हणजे शेपटीची. टोकाला सुतळी. पोरगी तशीच शाळेत गेली आणि संध्याकाळी येऊन म्हणाली, उद्यापण बाबाच घालणार. आता तेरा वर्षांची आहे, तरी परीक्षेच्या दिवशी बाबाकडूनच वेणी. सुतळीवरून मात्र त्यांना रिबिनीवर आणलंय मी.

म्हणजे मुद्दा काय माझा — मुद्दा असा की लोक वाट बघतायत, काका. आणि डॉक्टरांनी बोलायला परवानगी देऊन दहा दिवस झाले, तरी तुम्ही अजून ही पाटी घेऊन —

काकूंनी नाही सांगितलं. काकूंनी मला काहीही सांगितलेलं नाही, तुम्ही स्वयंपाकघराकडे असे डोळे वटारू नका. मला आपलं… दिसतंच ना… बरं, सांगितलं. फोन केला त्यांनी स्टुडिओत, रेकॉर्डिस्टने माझा नंबर दिला. आणि सहजबिहज काही आलेली नाही मी, दोन बस बदलून आलेय, वाटेत एकदा चुकीच्या बसमध्येही बसले. झालं समाधान? आता सगळंच सांगते. काकू म्हणाल्या, गळ्यातली गाठ साधी होती, निघाली, रिपोर्ट चांगला आला, देवाची कृपा. महिनाभर बोलू नका म्हणाले होते, तेव्हा पाटीवर ‘मीठ कमी’ वाचायला मजा यायची. पण आता डॉक्टर म्हणतायत बोला, हळूहळू बोला, बोललंच पाहिजे, नाहीतर आहे तोही आखडेल — आणि हे बोलत नाहीत. एकदा म्हणे तुम्ही न्हाणीघरात दार लावून स्वतःशीच काहीतरी बोलून बघितलंत, आणि बाहेर येऊन पाटीवर लिहिलंत, स्टुडिओला कळव, दुसरा माणूस बघा. त्या दिवसापासून मिठाचंसुद्धा लिहीत नाही तुम्ही. दोन माणसांचं घर, आणि त्या दिवसभर स्वतःच विचारतात, स्वतःच उत्तर देतात. रडत नव्हत्या हं फोनवर. 

बघा, त्यांनी बघितलाय दुसरा माणूस. हेच सांगायला मी आलेय, आणि हे काकूंनाही माहीत नाही. नकलाकार आहे तो. गुणी आहे, मी नावं ठेवणार नाही, वीस जनावरं काढतो तोंडाने. गेल्या आठवड्यात आमची चाचणी घेतली, दोघांना एकाच बूथमध्ये उभं केलं — बघा, नऊ वर्षांत पहिल्यांदा माझा बाप माझ्या शेजारी उभा, आणि तो तुम्ही नाही. प्रसंग काय, तर शिंगरू रडतंय. एवढंच. आणि तो काय करतो, तर प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक ओरडणं घालतो, मग शिंगराच्या आसवांवरूनच पाय घसरून पडतो, बादलीसकट, सगळे आवाज तोंडाने. काचेपलीकडे लोक पोट धरून हसले. आणि मी पण हसले, काका. तेच तर. मी शिंगरू, मला रडायचं होतं, आणि मी माझ्या बापाला हसले. घरी गेले तर जेवण जाईना. चॅनेलवाले खूश आहेत. म्हणतात, आता खरी मजा येईल. सोमवारी नऊ वाजता नव्या भागांचं रेकॉर्डिंग सुरू होतंय. तुम्ही आलात तर तुम्ही, नाहीतर तो. लेखिकाबाई तुमच्या बाजूने भांडल्या, त्यांना म्हणाले, मूळ आवाज असेल तर आणा. मूळ आवाजानेच नको लिहून दिलंय, तर त्या बिचाऱ्या काय करणार? एकदा त्याचं रेकॉर्डिंग झालं की आपलं गाढव पुन्हा टाकीत पडायला मोकळं.

लिहा, लिहा, मी थांबते. हं — ‘मुलांना तो आवाज हवा. हा तो नाही.’

कोणी सांगितलं तुम्हाला? नाही, कोणी सांगितलं? न्हाणीघराच्या भिंतींनी? एवढ्याशा खोलीत बादलीत पाणी पडतंय, त्यात ऐकलंत एकदा, आणि निकाल देऊन मोकळे. स्टुडिओत एक वाक्य रेकॉर्डिस्ट चार वेळा ऐकतो आणि मग म्हणतो बरंय. काकूंना ऐकवलंत? नाही. आहेत त्या एकट्या माणसाला नाही ऐकवलंत. खरखरीत झालाय, जाड झालाय, फाटलाय, असेल, मी कुठे नाही म्हणते? तुम्ही अडुसष्ट वर्षांचे आहात, आणि ते गाढवही नऊ वर्षं ओझी वाहतंय. त्याचा घसा बसू नये? — बरं, बरं, आवाज चढवत नाही. सॉरी. पण मला राग येतो अशाचा. फार राग येतो. आणि का येतो ते… सांगायचं नव्हतं खरं तर. आलेच आहे तर सांगते.

आमचे बाबा वाईट नव्हते हं, आधीच सांगते. गमतीशीर माणूस. ते खोलीत आले की सगळे त्यांच्याकडे तोंड करून बसायचे. आणि पाहुणे आले की त्यांचा एक ठरलेला खेळ — ‘बोलवा आमच्या पिपाणीला, वाजवून दाखवते.’ पिपाणी म्हणजे मी. मी जायचे, हात मागे बांधून कविता म्हणायचे, पहिली ओळ होईपर्यंत सगळे हसायला लागलेले, आणि बाबा सगळ्यांत जास्त. प्रेमाने हो. त्यांना ते प्रेमच वाटायचं, मरेपर्यंत वाटलं. आठ वर्षांची होते मी, एक दिवस ठरवलं, नाही बोलायचं. आणि नाहीच बोलले. कागदाचे तुकडे करून ठेवले होते उशीखाली, त्यांवर लिहून द्यायचे. ‘वही संपली.’ ‘चपलेचा बंद तुटला.’ आई रडली, शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं, आणि बाबांना तीही गंमतच वाटली, पाहुण्यांना सांगायचे, आमची पिपाणी आता टपाल खात्यात लागली. अडीच वर्षं काढली मी तशी. आता बघा, तोंड बंद होत नाही माझं, नवरा म्हणतो तुझी अडीच वर्षांची थकबाकी अजून फिटतेय. पण काका, काकूंनी फोनवर पाटीचं सांगितलं ना, तेव्हा दुसरं काही विचारावंच लागलं नाही मला. डॉक्टरांना नाही कळणार, त्यांनी तिथे आत दिवा घालून बघितलंय. मला कळतं. आपल्याच आवाजाची लाज वाटली की तोंडात शब्द आलेला असतो आणि आपण तो गिळतो. आधी जड जातं. मग सवय लागते. सवय लागते हेच वाईट आहे.

मोठी झाले, आवाज तसाच राहिला, आणि त्यावरच पोट भरायला लागले. लोक हसायचे ते पैसे द्यायला लागले, एवढाच फरक. लाज काही गेली नव्हती. स्टुडिओत मी कधी माझं रेकॉर्डिंग परत ऐकायचे नाही, कोणी वाजवलं की पाणी प्यायला बाहेर. आणि मग तुमचा तो भाग आला, दुसऱ्या वर्षीचा. शिंगरू शाळेत गाणं म्हणायला उभं राहतं आणि तोंडातून निघतं ओरडणं, असं भयंकर, की वर्ग लोळायला लागतो. शिंगरू घरी येतं आणि तोंड मिटून बसतं. आई विचारते, आजी विचारते, बोलतच नाही. मी तो कागद वाचला आणि पुढचं पान उलटलंच नाही. म्हटलं, आता बाप येणार आणि त्यालाही हसू फुटणार. मग हेडफोनमध्ये तुम्ही आलात. कामावरून आलेले, पाठीवरचं ओझं खाली ठेवता, शेजारी बसता, काय झालं हे विचारतच नाही. थोड्या वेळाने म्हणता — ‘मी आज लांब होतो, टेकडीपलीकडे. तू ओरडलंस ते मला तिथवर ऐकू आलं. मला कळलं, माझं शिंगरू कुठे आहे ते.’

आणि मला त्यावर एकच शब्द बोलायचा होता. ‘खरंच?’ बस. शेंबड्या पोराला जमेल. मी तो टेक मुद्दाम घालवला, काका. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. मी चुकायचे, मग रेकॉर्डिस्टला मागे जाऊन तुमचं वाक्य पुन्हा लावायला लागायचं, आणि मला ते पुन्हा ऐकायला मिळायचं. एवढ्यासाठी. मोठी बाई मी, घरी सहा वर्षांची पोरगी, बाहेर पुढचा माणूस बूथसाठी ताटकळतोय, आणि मी खोटं खोटं खोकतेय. सात वेळा घालवला. सात वेळा ऐकलं मी ते वाक्य, आणि आठव्यांदा म्हटलं ‘खरंच?’, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी माझं रेकॉर्डिंग परत ऐकायला आत थांबले. तर आता तुम्ही मला सांगणार, की —

काय? नऊ? छे हो, सातच. मला विचारा ना, मी होते तिथे. पहिल्यांदा खोकले. मग कागद वाजवला. मग म्हटलं हेडफोन सैल आहे. मग शिंक. पाचव्यांदा ‘खरंच’च्या जागी ‘हो का’ म्हटलं, सहाव्यांदा पाणी मागितलं, सातव्यांदा तर कारणच सुचेना, नुसतं सॉरी म्हटलं. झाले की सात. नाही — नाही, थांबा, पेन पाडलं ते राहिलं. ते आठ. आणि एकदा चष्मा… अरेच्चा, नऊच होतात की. बरोबर आहे तुमचं. पण तुम्हाला कसं कळलं नऊ? तुम्ही तर रविवारीच रेकॉर्ड करून —

थांबा.

आत्ता तुम्ही बोललात.

बोललात ना? पाटी तर तिथे पडलीय. काकू — काकू दारातच उभ्या आहेत बघा, हातातलं फडकं तसंच पिळून धरलंय, पाणी सगळं पायावर. काकू, तुम्ही ऐकलंत ना? नऊ म्हणाले ते. मी भांडत होते, सात म्हणून, आणि हे नऊ म्हणाले — काय? त्या रेकॉर्डिस्टनेच सांगितलं? लगेच पुढच्या रविवारी? म्हणजे सात वर्षं तुम्हाला माहीत होतं की मी… आणि मी इथे बसून मोठं गुपित फोडल्यासारखं… सापडू दे एकदा तो मला, सोडत नाही मी त्याला. आणि मग तेव्हापासून तो प्रत्येक भागाला म्हणायचा, ‘शेवटची ओळ एक जास्तीची आलीय, ऐकायचीय का,’ आणि मी म्हणायचे लाव, आणि मला वाटायचं तुम्हाला चुकायची भीती वाटते म्हणून तुम्ही दोनदा… ती माझ्यासाठी होती? प्रत्येक रविवारी?

नाही, नाही, रडत नाहीये. ठीक आहे, रडतेय, त्यात काय. काका, बदललाय हो आवाज. खोटं सांगणार नाही तुमच्याशी, खरखरतो, खालच्या बाजूला फाटतो थोडा. पण मला कधी कळलं ते? आत्ता. तुम्ही नऊ म्हणालात तेव्हा मी तुमच्याशी वाद घालत बसले, एकेक बोट मोडून मोजलं, आणि आवाज वेगळा आहे हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. माझ्या. ज्या बाईने ते वाक्य दहा वेळा ऐकलंय तिच्या. मग पोरांना काय कळणार आहे, सांगा मला — नाही, सांगू नका, म्हणजे सांगा, पण मला नाही. काकू, या इथे, माझ्या खुर्चीवर बसा तुम्ही. राहू द्या ते फडकं. बसा. मी उभी राहते, गुडघ्याला काही होत नाही.

हां. बोला आता. मी गप्प.